चार श्वास पुन्हा

सासूबाईंनी समुद्रात डायव्हिंग शिकायचं ठरवलं आणि शिकवणार कोण, तर त्यांचाच जावई. यातला पहिला भाग ऐकून घरातले सगळे हसले. दुसरा भाग ऐकून एकट्या जावयाचं हसू मावळलं.

तसं पाहिलं तर नवशिक्यांना शिकवण्यात त्याचा हातखंडा होता. बंदराच्या टोकाला असलेल्या डायव्हिंगच्या शाळेत तो आठ वर्षं शिकवत होता. पाण्याला घाबरणारे, स्वतःला फार शहाणे समजणारे, मास्क चढवला की विनाकारण हसत सुटणारे, सगळ्या तऱ्हेची माणसं त्याने सुखरूप खाली नेऊन सुखरूप वर आणली होती. पण सासूबाई त्यातल्या कुठल्याच तऱ्हेत बसत नव्हत्या. लग्नाला सहा वर्षं झाली तरी त्यांच्यासमोर तो खुर्चीच्या कडेवरच बसे, आणि त्या अजूनही त्याला ‘जावईबापू’ म्हणत आणि पहिलं ताट त्याच्यापुढे ठेवत. दोघांचं एकमेकांशी इतकं चांगलं होतं की एकमेकांना काही खरं सांगायची वेळ आजवर आलीच नव्हती.

सासूबाई शिवणकाम करत. अरुंद गल्लीत, पहिल्या मजल्यावर, खिडकीला लागून मशीन, भिंतीशी कापडाचे तागे आणि मधे जेमतेम एक माणूस वळेल एवढी जागा, हे त्यांचं दुकान. तीस वर्षं त्यांनी शाळेचे गणवेश शिवले. मग जावयाच्या शाळेतले फाटके वेटसूट त्यांच्याकडे येऊ लागले. वेटसूट म्हणजे पाण्यात अंग गरम ठेवणारा जाड रबरी पोशाख. नवशिके तळाच्या वाळूत गुडघे टेकून धडे घेतात, त्यामुळे तो पोशाख हटकून गुडघ्यावरच फाटतो. पहिल्या सुटाने सासूबाईंच्या चार सुया मोडल्या. पाचव्या सुईला त्यांना त्या कापडाचं मर्म कळलं. ठिगळ आधी चिकटवून घ्यायचं आणि टाका अर्ध्याच जाडीतून काढायचा. आरपार गेला की तिथूनच पाणी शिरतं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. सूट बादलीत बुडवून, पिळून, उजेडासमोर धरून त्यांनी ते शोधून काढलं होतं.

एका दुपारी जावई दुरुस्त झालेले सूट न्यायला आला, तेव्हा त्यांनी विचारलं, “जावईबापू, ही माणसं गुडघे फुटेस्तोवर खाली बसून बघतात तरी काय?”

जावई बोलायला लागला तो दहा मिनिटं थांबला नाही. सासूबाई ओठांत टाचण्या धरून ऐकत होत्या. त्याचं संपल्यावर त्यांनी एकेक टाचणी काढून डबीत ठेवली आणि म्हणाल्या, “मलाही बघायचंय.”

वय अठ्ठावन्न. डॉक्टरांनी कान, छाती, रक्तदाब सगळं तपासून सही केली. बायकोने मात्र घरच्यांच्या संमतीपत्रावर सही करायच्या आधी जावयाला बजावलं, “आईला शिकव, पण तिथे ती तुझी विद्यार्थिनी. ‘आई, तुम्ही राहू द्या, मी करतो’ हे वाक्य तोंडातून निघता कामा नये.”

“मी कधी म्हणतो तसं?”

“तिला म्हणतोस. मला कधी म्हटल्याचं आठवत नाही.”

शाळेतली सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे मागची दुरुस्तीची खोली. तिथे वॉशरमामा बसत. त्यांचं खरं नाव शाळेतल्या कुणालाच आठवत नव्हतं. कुणी काहीही बिघाड घेऊन आलं, नळीतून फुसफुस येतेय, श्वास घ्यायला तोंडात धरतात त्या तुकड्यातून पाणी येतंय, की ते मान वर न करता म्हणायचे, “वॉशर बघ.” आणि दहापैकी नऊ वेळा ते वॉशरच असायचं. त्यांच्या टेबलावर छोट्या रबरी कड्यांच्या डब्या, जुना दात घासायचा ब्रश आणि एक भिंग. दाराशी गोड्या पाण्याचा मोठा टब. समुद्रातून आलेली प्रत्येक वस्तू आधी त्यात बुडायची. भिंतीवर रंगाने, वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं: ‘दुसऱ्याने व्हॉल्व्हला हात लावला, तर चार श्वास पुन्हा.’

सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, “हे काय?”

मामांनी भिंग खाली ठेवलं. त्यांना असा प्रश्न विचारणारं माणूस बऱ्याच दिवसांत भेटलं नसावं. “ही टाकी. तुम्ही पाठीवर घेणार. हा वरचा व्हॉल्व्ह, नळासारखा. हे गेज, आत हवा किती ते दाखवतं. भरलेली टाकी असली की काटा दोनशेवर. बरोबर?”

“बरोबर.”

“चूक. व्हॉल्व्ह जेमतेम किलकिला उघडा असला तरी काटा दोनशेवरच उभा राहतो. होडीत बसून दोन श्वास घ्या, हवा मजेत येते. पण खाली दहा मीटरवर एकेका श्वासाला वरच्या दुप्पट हवा लागते. किलकिल्या व्हॉल्व्हातून ती कुठून येणार? ओल्या फडक्यातून श्वास ओढल्यासारखं होतं. नवशिका घाबरतो, श्वास कोंडून तीरासारखा वर सुटतो. हवा कमी पडल्याने नाही मरत माणूस, त्या वर सुटण्याने, छातीत कोंडलेली हवा फुगून मरतो.”

सासूबाई व्हॉल्व्ह निरखून बघत होत्या.

“म्हणून पाण्यात जाण्याआधी काट्यावर नजर ठेवून चार मोठे श्वास घ्यायचे. काटा जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह पुरा उघडा आहे. श्वासागणिक खाली बसून परत उठायला लागला, तर उतरायचं नाही. मग मागे कितीही माणसं खोळंबलेली असोत.”

“आणि पुन्हा का?”

“कारण माणसं मदत करतात,” मामा म्हणाले. “मदतीइतकं धोक्याचं काही नाही बघा या धंद्यात.”

तलावातले धडे सुरू झाले. पहिला आठवडा सासूबाईंचा मास्क गळत होता. जावयाने तीन मास्क बदलून दिले, पट्टा आवळून दिला, सैल करून दिला. पाणी शिरायचंच. चौथ्या मास्कला त्या म्हणाल्या, “जावईबापू, मास्कचा दोष नाही. पट्टा माझ्या अंबाड्यावरून घसरतोय, आणि कपाळाची ही एक बट काचेखाली दुमडतेय. शिवणीत दोरा अडकला की अशीच फट राहते.” दुसऱ्या दिवशी त्या खाली दोन घट्ट वेण्या घालून आल्या, आणि मास्क कोरडा राहिला. जावयाने तेव्हापासून प्रत्येक लांब केसांच्या विद्यार्थ्याला आधी कपाळ चाचपायला सांगायला सुरुवात केली. आठ वर्षांत ते त्याला सुचलं नव्हतं, हे त्याने मनातल्या मनात कबूल केलं.

तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट याहून मोठी. सगळे तळाशी गुडघ्यावर बसलेले असताना पाण्यात वर-खाली होण्यासाठी घालतात त्या, सासूबाईंच्या जॅकेटचं हवा भरायचं बटण आतच अडकलं. जॅकेट आपोआप फुगायला लागलं आणि त्या फुग्यासारख्या वर उचलल्या जाऊ लागल्या. जावई झेपावला. तो पोचेपर्यंत त्यांनी डाव्या हाताने हवेची नळी जॅकेटपासून खटकन उपटली होती, उजव्या हाताने दोरी ओढून जॅकेटमधली हवा सोडली होती, आणि बुडबुडे सोडत, श्वास न कोंडता, पुन्हा तळाशी येऊन बसल्या होत्या. शिवाय त्यालाच बोटांनी ‘ठीक?’ अशी खूण करून विचारलं. त्याचा चेहरा बघून विचारावंसं वाटलं असेल.

बाहेर आल्यावर वॉशरमामांनी बटण खोललं, भिंगाखाली धरलं आणि सगळ्या विद्यार्थ्यांसमोर म्हणाले, “मीठ साचलंय. परवा गोड्या पाण्यातून काढायचं राहिलं. माझी चूक.” एवढंच बोलून ते ब्रश घेऊन बसले. जावयाला वाटलं, मामांनी हे आत येऊन हळूच सांगितलं असतं तर बरं झालं असतं. शाळेची लाज गेली असं त्याला उगाच वाटत राहिलं. सासूबाई मात्र घरी जाताना म्हणाल्या, “माणूस भरवशाचा आहे.”

समुद्राचा दिवस उजाडला. होडीत नावाडी, जावई, सासूबाई आणि एकाच बँकेत कामाला असलेले दोन मित्र होते. मित्रांपैकी एक लठ्ठ, एक बारीक. दोघांचाही समुद्रातला पहिलाच दिवस. लठ्ठ सारखा विनोद करत होता, यावरून तो किती घाबरलाय ते कळत होतं. ऊन छान होतं. पाणी इतकं स्वच्छ होतं की नांगराची साखळी तळापर्यंत दिसत होती.

सासूबाईंनी सगळं स्वतः केलं. टाकी जॅकेटला बांधली, पट्टा ओढून बघितला, व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, गेज मांडीवर घेऊन चार श्वास मोजले. जावई लांबून बघत होता. बाकीच्यांचं काही झालं तर विद्यार्थ्याचं झालं म्हणता आलं असतं. यांचं काही झालं तर घरी कुठल्या तोंडाने जायचं?

त्या पाठीवर टाकी घेऊन होडीच्या कडेला बसल्या. जावई त्यांच्या समोर उभा होता. पट्टे बघता बघता त्याचा हात, सवयीने म्हणा, काळजीने म्हणा, त्यांच्या खांद्यावरून मागे व्हॉल्व्हवर गेला. एरवी तो नेहमी विद्यार्थ्याच्या मागे उभा राहून व्हॉल्व्ह बघायचा. आज समोरून बघत होता, हात उलटा पडला होता. त्याने ‘उघडायच्या’ बाजूला फिरवून बघितला, आणि व्हॉल्व्ह फिरला. फिरतच गेला.

म्हणजे आईंनी उघडलाच नव्हता. आणि चार श्वास? ते नळीत उरलेल्या हवेवर घेतले असणार. त्याने तो पार टोकापर्यंत फिरवला आणि जुन्या शिक्षकाने लावलेल्या सवयीप्रमाणे पाव वळसा मागे घेतला. त्याला समाधान वाटलं. बरं झालं, आपण बघितलं. आणि त्याहून बरं झालं की कुणाला कळलं नाही. या दोन पोरांसमोर त्यांचा पाणउतारा कशाला? घरी तर हा विषय निघायलाच नको.

“काय केलंत, जावईबापू?” सासूबाईंनी मान न वळवता विचारलं.

“काही नाही, आई. पट्टा पिळलेला, तो सरळ केला.”

नावाडी म्हणाला, “आटपा, तासाभरात पाण्याची ओढ सुरू होईल.” बँकेतला लठ्ठ म्हणाला, “आजी, पहिला मान तुमचा. आम्ही तुमच्या मागून आलो की आम्हाला धीर येईल.” सगळे हसले. मास्क डोळ्यांवर चढले. आता एक हात मास्कवर, एक पट्ट्यावर आणि मागे झोकून द्यायचं, एवढंच बाकी होतं.

सासूबाईंनी गेज उचललं.

जावयाने बघितलं आणि त्याला जरा चीडच आली. पट्टा सरळ केला म्हटलं ना. पण त्या थांबल्या होत्या. तोंडात तुकडा, नजर काट्यावर. एक श्वास. दुसरा. तिसरा. चौथ्याला त्यांनी उजवा हात पुढे करून पंजा पालथा धरला आणि डावीकडे-उजवीकडे डोलवला. काहीतरी बिघडलंय, याची ती खूण. होडीत बसून, बोलता येत असताना, त्यांनी खूणच केली, कारण तसंच शिकवलं होतं.

जावई वाकून हळू आवाजात म्हणाला, “आई, भीती वाटणं साहजिक आहे. पहिल्या वेळी सगळ्यांनाच…”

त्यांनी तुकडा तोंडातून काढला. “भीती वाटतेयच. ती वेगळी. काटा हलतोय.”

“होडी हलतेय, आई.”

“होडी आडवी हलतेय. काटा माझ्या श्वासावर हलतोय. बघा.”

त्यांनी गेज त्याच्यासमोर धरलं आणि दीर्घ श्वास ओढला. काटा दोनशेवरून दीडशेपर्यंत बसला. श्वास सोडला तसा उठून परत दोनशेवर आला. पुन्हा ओढला, पुन्हा बसला. एखाद्या झोपलेल्या प्राण्याचं पोट हलावं तसा तो काटा हलत होता.

जावयाला सगळं एका क्षणात कळलं. उलटा हात, फिरत गेलेला व्हॉल्व्ह, पाव वळसा. उघडलेला होता. पुरा उघडलेला होता, आणि आपण बंद केला. दहा मीटरवर काय झालं असतं ते त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. शंभरदा त्याने ते दुसऱ्यांना सांगितलं होतं.

बँकेतला बारीक, जो आतापर्यंत गप्प होता, तो मित्राच्या कानाशी पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, “आजींनी व्हॉल्व्ह उघडायचाच राहिला वाटतं.”

सासूबाईंनी जावयाकडे बघितलं. काचेआडून त्यांचे डोळे मोठे दिसत होते. पट्टा सरळ केला नव्हता, हे त्यांना आता कळलं होतं, यात त्याला शंका उरली नाही. आणि त्या काय करणार हेही त्याला कळलं. सहा वर्षं ओळखत होता त्यांना. त्या म्हणणार, ‘असेल बाई, राहिला असेल. वय झालं.’ जावयाची बाजू लंगडी पडू नये म्हणून त्या आपला हात चुकला म्हणणार, आणि मग आपण दोघं जन्मभर ते गोड मानून घेणार. त्यांनी तोंड उघडलंही होतं.

“त्यांनी उघडला होता,” जावई म्हणाला. आवाज त्याला स्वतःला परका वाटला. “पुरा उघडला होता. मी समोरून हात घालून फिरवला, बाजू चुकली, बंद केला आणि पाव वळसाच उघडा ठेवला. वर पट्टा सरळ केला म्हणून थापही मारली. माझी चूक.”

नावाड्याने तोंड फिरवून समुद्राकडे बघितलं. बँकेतले दोघे आपापल्या गेजकडे असे बघायला लागले की जणू आजच ते त्यांना दिसलं.

“आजचं डायव्हिंग तुम्ही रद्द करू शकता, आई,” तो म्हणाला. “कुणीही, केव्हाही. कारण सांगावं लागत नाही. मी शिकवलंच आहे तुम्हाला.”

सासूबाईंनी गेज खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “टाकी खाली उतरवा. व्हॉल्व्ह मला डोळ्यांसमोर हवाय. आणि तुमचीही उतरवा.”

“माझी?”

“तुमची कुणी तपासली?”

लठ्ठ हसला. या वेळी घाबरून नव्हे. सासूबाईंनी आपला व्हॉल्व्ह स्वतःच्या हाताने पुरा उघडला. जावयाने आपला उघडला. पाव वळसा मागे घ्यायला त्याची बोटं आपोआप वळली आणि त्याने ती ओढून आवरली. मग होडीत चौघं जण ओळीने बसून, मांडीवर गेज घेऊन, एकदम चार श्वास घेत राहिले. सासूबाई बोटांवर मोजत होत्या. आठ वर्षांत जावयाने इतका शांत वर्ग बघितला नव्हता. आणि वर्ग तो घेत नव्हता.

“चला,” त्या म्हणाल्या, आणि मागे झोकून दिलं.

खाली त्यांनी काय बघितलं हे विचारलं तर त्या अजूनही नीट सांगत नाहीत. जावयाने मात्र त्यांनाच बघितलं. त्या घाई करत नव्हत्या. कान दुखला की थांबत, नाक दाबून कान मोकळे करत, मग पुढे. दर थोड्या वेळाने गेज बघून त्याला बोटांनी आकडा सांगत. माशांचा एक निळा थवा त्यांच्या चारी बाजूंनी वाहत गेला, तेव्हा त्या अधांतरी तशाच थांबल्या, दोन वेण्या वर तरंगत होत्या, आणि बुडबुडे एका मापाने सुटत होते, सारख्या अंतरावर घातलेल्या टाक्यांसारखे. एवढ्या वर्षांत त्याने नीट श्वास घेणारी माणसं पुष्कळ बघितली होती. पण अर्ध्या तासापूर्वी ज्या हवेने दगा दिला असता, तिच्यावर तपासून पुन्हा विश्वास ठेवणारं माणूस तो पहिल्यांदा बघत होता. तळाशी त्याने वाळूत गुडघे टेकले. सासूबाई जवळ आल्या, त्याच्या उजव्या गुडघ्यावरचं ठिगळ बोटाने चाचपून बघितलं आणि ‘ठीक’ अशी खूण केली.

घरी त्याने बायकोला आधी स्वतःच सांगितलं, चपला काढायच्याही आधी. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आई ओरडली?”

“नाही.”

“मग अजून व्हायचंय.”

पण तेही झालं नाही. झालं ते वेगळंच. चार दिवसांनी सासूबाई एक पिशवी घेऊन दुरुस्तीच्या खोलीत आल्या. पिशवीत लाल कापडाच्या वीतभर पट्ट्या होत्या, उरलेल्या वेटसुटाच्या तुकड्यांतून कापलेल्या, टोकांना बुटांना असते तशी चिकटपट्टी शिवलेल्या, एका ओढीत सुटणाऱ्या.

“चार श्वास झाले की ज्याने त्याने ही आपल्या व्हॉल्व्हला गुंडाळायची,” त्या म्हणाल्या. “नंतर कुणाला व्हॉल्व्हला हात लावायचाच असेल तर आधी ही सोडावी लागेल. आणि सोडली की ज्याची टाकी, त्याच्या हातात द्यायची. हातात पट्टी आली की समजायचं, श्वास पुन्हा. बोलायची गरजच नाही. बोलायला माणसं लाजतात.”

शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी जावयाकडे बघितलं नाही.

वॉशरमामांनी एक पट्टी भिंगाखाली धरली. टाके बघितले, उलटून बघितले, ओढून बघितले, गोड्या पाण्याच्या टबात बुडवून परत ओढून बघितले. “बावीस वर्षं मी भिंत रंगवत बसलो,” ते म्हणाले. “आणि भिंत कुणी होडीत नेत नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही.”

पुढच्या वेळी होडीत सासूबाई कडेला बसल्या, तेव्हा जावयाला त्यांची टाकी किंचित तिरकी दिसली. पट्टा घट्ट करायचा तर हात व्हॉल्व्हपाशी जाणारच होता. त्याने मागे जाऊन लाल पट्टी सोडली, टाकी सरळ केली आणि समोर येऊन पट्टी त्यांच्या तळहातावर ठेवली.

“घ्या, आई.”

“आभारी आहे, जावईबापू,” त्या म्हणाल्या आणि गेज उचललं. नावाडी काहीतरी घाईचं बोलणार होता. जावयाने हात वर करून त्याला थांबवलं आणि स्वतःही काट्याकडे बघत उभा राहिला.